सफीत जागा आहे, मग घरात का नाही?

मलकापूरहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत टाळ्यांचा आवाज आला की कुणी खिशात हात घालतो, कुणी खिडकीबाहेर पाहू लागतो. लेकरं विचारतात, "अम्मी, हे कोण?" अम्मी त्यांना गप्प करते. त्या प्रश्नाचं उत्तर कायदा आणि शरीयत काय देतात, ते आज आपण पाहू.

याच मार्गावर भुसावळ सोडलं की जळगावच्या आधी भादली लागतं. भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. 2 जानेवारी 2021 रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी स्त्री म्हणून अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. पुढे फायद्यासाठी पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, अशी हमी त्यांनी कोर्टाला दिली होती. गावाने त्यांना मतं दिली आणि त्या निवडून आल्या.

या निकालाचा पाया 15 एप्रिल 2014 चा. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख आणि इतर नागरिकांसारखे मूलभूत हक्क मान्य केले. 2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 माणसं नोंदली गेली होती. ही सगळी कुणाची तरी लेकरं आहेत.

आपल्याला वाटतं, यांची हेटाळणी जुन्या काळापासून चालत आली. इतिहास थोडा वेगळा आहे. मोगल दरबारात ख्वाजासरा मोठ्या विश्वासाच्या पदांवर होते. इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांची नोंदवही ठेवली. नोंद झालेल्या माणसाला हिबा करता येत नसे, वसीयत करता येत नसे, मूल दत्तक घेता येत नसे. कलम 377 सुद्धा इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेतलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1858 मध्ये, उस्मानी खिलाफतीने आणलेल्या दंडसंहितेत असं कलम नव्हतं.

आज जगाचे कायदे एकमेकांच्या उलट टोकांना आहेत. नेदरलँड्सने 2001 मध्ये समलिंगी विवाह मान्य केला. साठहून अधिक देशांत असे संबंध गुन्हा आहेत आणि इराणसारख्या देशांत मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. त्याच इराणमध्ये आयतुल्लाह खोमेनी यांच्या फतव्यानंतर लिंगबदलाची शस्त्रक्रिया मात्र कायदेशीर झाली. बांगलादेशाने 2013 मध्ये हिजड्यांना वेगळी ओळख दिली. पाकिस्तानने 2018 मध्ये कायदा केला, पण 2023 मध्ये तिथल्या शरीयत न्यायालयाने त्यातली स्वतःच्या जाणिवेनुसार ओळख ठरवण्याची तरतूद रद्द केली. आपल्याकडे 2018 मध्ये प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले गेले. समलिंगी विवाहाला मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मान्यता दिली नाही.

आपल्या दीनची भूमिका स्पष्ट आहे. निकाह स्त्री-पुरुषाचाच, त्याबाहेरचे संबंध गुनाह. पण कृत्य वेगळं आणि घडण वेगळी. इमाम नववी यांनी जन्मजात बायकी स्वभाव आणि मुद्दाम केलेली नक्कल यांत फरक केला. जन्मजात असेल त्यावर दोष नाही, असं त्यांनी लिहिलं. 'खुन्सा' म्हणजे ज्याचं लिंग जन्मतः स्पष्ट नाही, अशा माणसावर फिकहच्या किताबांत स्वतंत्र प्रकरणं आहेत. हनफी फिकहमध्ये त्याचा मिरासमधला हिस्सा ठरलेला आहे. जमातीच्या नमाजात पुरुषांच्या मागे आणि स्त्रियांच्या पुढे त्याची जागा ठरलेली आहे. आपल्या फुकहांनी त्याला मशिदीबाहेर काढलं नाही, सफीत कुठे उभं करायचं याचा विचार केला.

हे आम्हाला उशिरा समजलं. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. उर्दू हस्ताक्षर मोत्यासारखं. आवाज आणि चाल मुलींसारखी. मुलं त्याला नाव ठेवून हाक मारत आणि आम्ही 'मस्ती आहे' म्हणून सोडून देत असू. वाईट नावांनी हाक मारू नका, हा सूरह हुजुरातमधला हुकूम आम्ही त्याच वर्गात शिकवत होतो. दहावीचा फॉर्म भरायच्या दिवशी तो आला नाही. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "सर, आमच्यासाठी तो मेला." आम्ही चहा घेऊन परत आलो. तो कुठे आहे, आम्हाला ठाऊक नाही.

2019 च्या कायद्याचं 12 वं कलम सांगतं की तृतीयपंथी आहे म्हणून कोणत्याही मुलाला आई-वडिलांपासून वेगळं करता येणार नाही. मुलाच्या हितासाठी कोर्टाने आदेश दिला तरच अपवाद. 18 व्या कलमात घरातून हाकलणं, मारहाण, छळ यांना सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. पण कोणतं लेकरू स्वतःच्या अब्बांविरुद्ध ठाण्यात जाईल?

म्हणून वालिदैनना आमची विनंती आहे. मूल वेगळं वाटलं तर आधी चांगल्या डॉक्टरांना दाखवा, समजदार आलिमांना विचारा. शिक्षकांना विश्वासात घ्या. दहावी होऊ द्या, हाताला हुनर द्या. त्याची थट्टा करणाऱ्या नातेवाइकाला तिथेच थांबवा. घराने दार लावलं की त्या मुलाला कुठली माणसं जवळ करतील, ते आपल्या हातात राहत नाही. अल्लाहने दिलेली अमानत आहे, तिचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे.