तेरा मिनिटे गेली कुठे?

जालन्यात बियाणे सांभाळणे हे दोन पिढ्यांचे काम; बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी इथेच १९६४ मध्ये सुरू केली. गोदामात उष्मा किंवा ओल वाढली की बियाण्याची उगवणशक्ती घटते, म्हणून तापमान-आर्द्रता टिपणारे यंत्र हवे. अशा यंत्रातल्या ५०,००० नोंदी यूएसबी-सिरीयल केबलने संगणकात उतरवायच्या आहेत, असे धरू. प्रत्येक नोंद वेगळी मागायची, ती १६ बाइटची. वेग १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. एका नोंदीला दीड मिलिसेकंदही लागू नये. पण सगळ्या उतरायला तेरा मिनिटे जातात.

पहिला संशय केबलवर, दुसरा बॉडवर. बॉड दुप्पट केला तरी तेरा मिनिटे तशीच!

खरी हकीकत कॅप्चरमध्ये, म्हणजे संगणक आणि केबलमधल्या देवाणघेवाणीच्या टिपणात, सापडते. विंडोजवर यूएसबीपीकॅप, लिनक्सवर यूएसबीमॉन ही देवाणघेवाण टिपतात, वाचायला वायरशार्क. नवखा माणूस बाइटचा रकाना बघत बसतो. बघायचा असतो वेळेचा. केबलमध्ये एफटीडीआय कंपनीची चिप असेल, तर उत्तरे एकाच तालात येताना दिसतात: १६ मिलिसेकंद, पुन्हा १६.

ही चिप म्हणजे अंबड रस्त्यावरची काळी-पिवळी. गाडी भरल्याशिवाय हलायचे नाही. जागा ६४ बाइटच्या, त्यातल्या दोन ड्रायव्हर-क्लीनरच्या, म्हणजे चिपची स्थिती सांगणाऱ्या बाइटच्या. उरल्या ६२. आपले प्रवासी सोळाच, गाडी भरणार कशी? मात्र या गाडीला घड्याळही आहे: १६ मिलिसेकंद झाले की असेल तशी सुटते. प्रवासी नसले तरी ड्रायव्हर-क्लीनर फेरी मारतातच. कॅप्चरमधल्या त्या दोन-दोन बाइटच्या ओळी याच. त्यांना माहिती समजून बेरीज करू नये.

लेटन्सी टायमर नावाची ही मुदत ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये १६ वरून १ करता येते. मग तेच काम तीन-चार मिनिटांवर येते. एकेक नोंद मागण्याऐवजी शंभर-शंभर मागितल्या तर आणखी लवकर, आणि मला तोच उपाय जास्त पटतो.

एवढे करूनही काम रेंगाळले, तर खंड कुठे पडतो ते पाहावे. मागणी गेल्यावर उत्तर येईपर्यंत पडत असेल, तर दोष चिपचा किंवा यंत्राचा. उत्तर आल्यावर पुढची मागणी जाईपर्यंत पडत असेल, तर आपलाच प्रोग्राम रेंगाळतोय.