आडाची कप्पी

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. यात्रा झाली की थंडी पडू लागते. डोंगरातली धार बारीक होते. आडाचे पाणीही खाली जाऊ लागते. कप्पी उतरवून बघायची तर हेच दिवस बरे.

तुम्ही म्हणाल, आता विहिरींवर मोटारी आल्या. मोट गेली, नाडा गेला. खरं आहे. पण पिण्याच्या आडावर दोर-बादली अजून दिसते. उन्हाळ्यात टँकरचे पाणी आडात सोडले, की सगळी वस्ती तिथेच लोटते.

कप्पीवर ओझे किती पडते? हिशेब करू. बादलीत 15 लिटर पाणी, म्हणजे 15 किलो. बादली 1 किलोची. झाले 16 किलो. आता बाई दुसऱ्या बाजूने दोर सरळ खाली ओढते. तिचाही जोर 16 किलोचा. दोन्ही ओझी कप्पीवरच! म्हणजे कप्पीचा आकडा 32 किलो पेलतो. हिसका बसला तर त्याहून जास्त.

आम्ही एका वस्तीवर पाहिले. कप्पीच्या आसाची खीळ हरवली होती. कुणीतरी तिथे साधा खिळा ठोकला. ‘चालतंय की,’ म्हणाले. चालला वर्षभर. वैशाखात भरली बादली वर येता येता खिळा तुटला. कप्पी, दोर, बादली, सगळे आडात! सून मागच्या मागे पडली, म्हणून वाचली. पुढे झुकली असती तर?

कप्पी उतरवताना दोघे असा. आडावर फळ्या टाका. कप्पी आधी दोराने बांधा, मग सोडा. चाक हाताने फिरवा. ते डगमगते का? आस झिजला असेल तर बदला. खोबणीवर बोट फिरवा. धार लागली तर कानस मारा, नाहीतर ती धार दोर कापते. गंज खरवडून काढा. आसाला थोडेसे ग्रीस लावा आणि वरचे पुसून टाका. ट्रॅक्टरचे जळके ऑईल मात्र नको. ते थेंब थेंब पिण्याच्या पाण्यात पडते.

कोकणात शिडाची गलबते होती. त्यांची शिडेही दोर आणि कप्पीनेच वर चढत. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवत, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात लोटत. मधल्या दिवसांत दोर, शिडे दुरुस्त होत. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी आकड्याचे तोंड बारीक दोरीने गुंडाळून बंद करतात. मग हिसका बसला तरी कडी निसटत नाही. आपणही तारेचे चार वेढे द्यावेत. खर्च काहीच नाही.

आता दोर. तागाचा दोर आतून कुजतो. पीळ उलगडून बघा. आत काळा, भुसभुशीत दिसला तर गेला. नायलॉनचा दोर कुजत नाही, पण ऊन त्याला खाते. धागे कुसळासारखे उभे राहिले, हाताला पांढरी भुकटी लागली, की समजा. दोर चांगला असेल तरी वर्षातून एकदा उलटा करा. बादलीकडचे टोक हाताकडे घ्या. रोज एकाच जागी झिजणार नाही. काम झाले की दोर सावलीत टांगा.

जुना दोर फेकू नका. वासराला बांधायला चालतो. आडावर मात्र परत आणू नका.