अकरा डॉलरांची बातमी आणि पन्नास वर्षांची गोष्ट

ऑक्टोबर २०२० मधली एक बातमी तुम्हाला आठवत असेल. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अंदाज जाहीर केला की त्या वर्षी बांगलादेशचा दरडोई जीडीपी १,८८८ डॉलर असेल आणि भारताचा १,८७७ डॉलर. फरक अकरा डॉलरांचा. पण त्यावरून काही दिवस काय गदारोळ उठला! एक गट म्हणत होता, ‘बघा, बांगलादेशसुद्धा आपल्या पुढे गेला.’ दुसरा म्हणत होता, ‘हे आकडेच फसवे आहेत.’ मग दुसरी बातमी आली आणि सगळे तिकडे वळले.

या सगळ्यात एक प्रश्न मागेच राहिला. अकरा डॉलर इकडे किंवा तिकडे झाल्याने ढाक्यातल्या किंवा धुळ्यातल्या माणसाच्या जगण्यात नेमका काय फरक पडतो? आज त्याबद्दल लिहिते आहे. माझी एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्रातली आणि पीएचडी बालआरोग्याच्या आकडेवारीवर. त्यामुळे बांगलादेशशी माझी ओळख जीडीपीतून झाली नाही, कॉलऱ्यातून झाली. त्याचा परिणाम पुढच्या मजकुरावर दिसेलच.

आधी अकरा डॉलरांचा हिशोब

२०२० हे कोविडचं वर्ष. नाणेनिधीचा अंदाज होता की भारताची अर्थव्यवस्था १०.३ टक्क्यांनी आकसेल आणि बांगलादेशची ३.८ टक्क्यांनी वाढेल. म्हणजे एक धावपटू ठेचकाळून पडला त्याच क्षणी कोणीतरी फोटो काढला. फोटो खोटा नव्हता, पण त्यावरून शर्यतीचा निकाल लावता येत नाही.

दुसरी गोष्ट डॉलरची. देशातलं उत्पन्न रुपयात किंवा टाक्यात असतं. तुलनेसाठी आपण ते बाजारातल्या विनिमय दराने डॉलरमध्ये बदलतो. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण ८६ टाका पडत होते, २०२४ अखेर १२० च्या आसपास. आता समजा एखाद्याची वर्षाची कमाई एक लाख टाका आहे आणि ती बदललीच नाही. पहिल्या दराने ती सुमारे १,१६३ डॉलर होते, दुसऱ्या दराने ८३३ डॉलर. त्याचे टाका तेवढेच राहिले, डॉलरमध्ये मात्र तो पाव हिश्शाहून जास्त गरीब झाला. महागाईने त्याला चिमटा बसला असेलच, पण तो नेमका या प्रमाणात बसला असं नाही.

म्हणून अर्थशास्त्रज्ञ क्रयशक्तीनुसार तुलना करतात. म्हणजे काय, तर डॉलर किती मिळाले हे न बघता त्या पैशात तांदूळ, घरभाडं, रिक्षा, केस कापणं असं काय काय घेता येतं ते बघायचं. या मापाने त्याच २०२० च्या अंदाजात भारत सुमारे ६,३०० डॉलरवर होता आणि बांगलादेश सुमारे ५,१०० वर. बघा, संस्था तीच, वर्ष तेच, देश तेच. माप बदललं आणि पुढे कोण, मागे कोण हेही बदललं.

थोडक्यात, पैशाच्या बाबतीत भारत तेव्हाही फार मागे नव्हता. उलट त्याआधीची कित्येक वर्षं तो स्पष्टपणे पुढे होता. गंमत इथूनच सुरू होते.

उत्पन्न कमी, मुलं मात्र जास्त जगली

बांगलादेशची सुरुवात आठवा. १९७० चं भोला चक्रीवादळ, १९७१ चं युद्ध, १९७४ चा दुष्काळ. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्रफळ आणि त्यात आज सुमारे १७ कोटी माणसं. या देशाचं काही खरं नाही, असं तेव्हा अनेक जाणकारांचं मत होतं.

आता एकच आकडा घेऊ. जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी पाच वर्षांची होण्याआधी किती दगावतात? १९९० मध्ये भारतात सुमारे १२६, बांगलादेशात सुमारे १४४. अपेक्षेप्रमाणे गरीब देश मागे. पुढची वीस वर्षं भारत जास्त वेगाने श्रीमंत झाला. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०१३ च्या त्यांच्या पुस्तकात दाखवलं की १९९० मध्ये भारताचं दरडोई उत्पन्न बांगलादेशच्या तुलनेत ६० टक्क्यांनी जास्त होतं आणि २०११ पर्यंत ते जवळजवळ दुप्पट झालं. म्हणजे बालमृत्यूंमधली दरीही भारताच्या बाजूने वाढायला हवी होती. झालं उलटंच. २०१० च्या सुमाराला भारताचा आकडा ५८ च्या आसपास होता आणि बांगलादेशचा ४९.

हजारी नऊचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण भारतात तेव्हा वर्षाला अडीच कोटींहून जास्त मुलं जन्मत होती. गुणाकार करून बघा. भारताचा दर बांगलादेशइतका असता, तर एका वर्षात दोन लाखांहून जास्त मुलं वाचली असती. अकरा डॉलरांवर आठवडाभर चर्चा झाली. या फरकावर एक संध्याकाळ तरी व्हायला हवी होती.

मीठ, गूळ आणि पाणी

हे कसं झालं? एकच कारण नाही. पण एक धागा स्पष्ट दिसतो. स्वस्त उपाय शोधायचा आणि तो थेट घरात, बाईच्या हातात पोचवायचा.

जुलाबाने मूल मरतं ते मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आतड्यात साखर आणि मीठ सोबत गेले तर दोन्ही एकत्र शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणीही आत येतं. कॉलरा झालेला असतानाही ही यंत्रणा चालू राहते. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी हे द्रावण तोंडाने देऊन रुग्ण सावरतात हे दाखवलं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातात दिलं. मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

पण शोध लागला म्हणून तो घरोघर पोचतो असं नाही. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या महिला कार्यकर्त्या बांगलादेशातल्या सुमारे १ कोटी २० लाख घरांत गेल्या आणि आईला समोर बसवून शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पगाराची पद्धत. नंतर दुसरी माणसं जाऊन तपासायची की आईच्या लक्षात किती राहिलं आहे, तिला द्रावण नीट करता येतं का. त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. किती घरांना भेट दिली यावर नाही, शिकणारीला किती आलं यावर! हा नियम आपल्याकडच्या किती प्रशिक्षणांना लावता येईल, विचार करा.

‘कशावरून?’ हा प्रश्न

इथे तुम्ही म्हणाल, दोन देशांत हजार गोष्टी वेगळ्या असतात. घरोघरी जाण्यामुळेच फरक पडला हे कशावरून? प्रश्न अगदी योग्य आहे. प्रयोगशाळेत आम्ही दोन परीक्षानळ्या घेतो, त्यांत एकच गोष्ट वेगळी ठेवतो. देशांबाबत तसं करता येत नाही. भारताची दुसरी प्रत कुठे मिळणार?

पण ढाक्याच्या आग्नेयेला मतलब नावाचा भाग आहे, तिथे जवळपास असंच केलं गेलं. १९७७ पासून तिथल्या साधारण निम्म्या गावांत महिला कार्यकर्त्या दर पंधरा दिवसांनी घरी येऊन कुटुंबनियोजनाची साधनं देऊ लागल्या. उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. माणसं तीच, भात तोच, पूर तोच. पुढच्या अभ्यासांत दिसलं की घरभेटींच्या गावांत जन्मदर सुमारे १५ टक्क्यांनी जास्त घटला. त्या गावांत बायकांची तब्येत आणि मुलांचं जगणंही सुधारलेलं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय नाही, पण काही श्रेय घरभेटींना नक्की जातं.

पैसा आला तो शिलाई मशीनवरून

आता कमाईची बाजू. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे लावले होते. कोरियाचा कोटा भरला होता, बांगलादेशला सुरुवातीला कोटाच नव्हता. मग १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोरियाच्या देवू कंपनीने बांगलादेशच्या देश गारमेंट्सशी करार केला आणि १३० जणांना कोरियात नेऊन शिकवलं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. आज बांगलादेशच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे, सुमारे ४० लाख लोक त्यात काम करतात आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत. गावातून आलेल्या मुलीच्या हातात दर महिन्याला स्वतःचा पगार पडू लागला.

भारताची वाट वेगळी. आपल्याकडे तयार कपडे हा उद्योग २००० पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होता, त्यामुळे हजारो मशीनांचे कारखाने उभे राहिले नाहीत. आपली झेप सेवाक्षेत्रातून आली. माहिती-तंत्रज्ञान, बँका, औषधं, वाहनं अशी आपली अर्थव्यवस्था कितीतरी जास्त वैविध्याची आहे. पण इंजिनिअर झालेल्याला तिने जितकं दिलं तितकं आठवी शिकलेल्या मुलीला दिलं नाही. २०१७-१८ च्या सरकारी सर्वेक्षणात भारतात १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी जेमतेम २३ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या. बांगलादेशात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त होतं.

मग बांगलादेश जिंकला का?

नाही. सगळा लेख इथेच थांबवून ‘आपलं सगळं चुकलं’ म्हणू नका.

२४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं मेली. त्यांत बहुतेक गारमेंट कामगार होते. त्या निर्यातीची किंमत अशीही मोजली गेली. मुलींना शाळेत ठेवण्यासाठी बांगलादेशने १९९४ पासून देशभर शिष्यवृत्ती दिली, मुलगी अविवाहित असावी ही अटही घातली. मुली शाळेत आल्या, पण आजही तिथे अठरा वर्षांच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ५० टक्के आहे, भारतात सुमारे २३. सरकारची करवसुली जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या आसपास, जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. स्वस्त उपायांनी मूल जुलाबातून वाचवता येतं. कॅन्सर, चांगली महाविद्यालयं, पक्के रस्ते यांना पैसा लागतो. शिकलेल्या तरुणांना नोकऱ्या पुरत नव्हत्या, आणि २०२४ च्या ज्या आंदोलनात सरकार पडलं त्याची ठिणगी सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून पडली, हा योगायोग नाही. त्याच वर्षी निर्यातीचे आकडे अब्जावधी डॉलरांनी फुगलेले होते हेही उघड झालं.

दुसरीकडे भारतही जागेवर थांबलेला नाही. २०११ च्या जनगणनेत जवळपास निम्मी घरं उघड्यावर शौचाला जात होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवर आलं. बालमृत्यूंच्या ताज्या अंदाजांत दोन्ही देश हजारी तीसच्या आसपास आहेत. दरी बुजली.

ती बुजवण्यात आपल्या गडचिरोलीचाही हात आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे बांगलादेशात सिल्हेटमध्ये याच धर्तीवरचा घरभेटींचा प्रयोग झाला. तिथे घट ३४ टक्के आली, तो निकाल २००८ चा. २०११ पासून भारतातल्या आशाताई हेच काम देशभर करतात. म्हणजे आपण इकडे स्कोअर मोजत होतो, तेव्हा दोन्हीकडचे अभ्यासक एकमेकांच्या वह्या वाचत होते.

पुढच्या वेळी ‘अमुक देश तमुकच्या पुढे’ अशी बातमी दिसली की तीन प्रश्न विचारा. एक, माप कोणतं, बाजारातला डॉलर की क्रयशक्ती? दोन, एका वर्षाचा फोटो आहे की वीस-तीस वर्षांचा प्रवास? आणि तीन, त्या पैशातून नेमकं कोणाचं काय बदललं? पहिल्या दोघांची उत्तरं दहा मिनिटांत सापडतात. तिसऱ्यासाठी मात्र कोणालातरी दारोदार फिरून मोजावं लागतं. आपल्याकडे ते मोजणारी बहुतेकदा आशाताई असते आणि तिला त्याचे पैसे मानधन म्हणून मिळतात, पगार म्हणून नाही.