जपणूक: एकदाची की रोजची?

मोठ्या सांस्कृतिक संस्था आपला संग्रह कसा जपतात, हा आजचा विषय. वरवर पाहिलं तर हा ग्रंथपालांचा किंवा संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न वाटेल. पण त्याच्या तळाशी तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे. आपण नेमकं काय टिकवू पाहतो? वस्तू, की वस्तूतला अर्थ?

सुरुवात आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणपासून करू. पाटणादेवीला आपल्यापैकी बहुतेकजण गेले असतील. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिलं, असं लेख सांगतो. आता दान कसलं, ते बघा. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला, आणि दर तेलघाण्यामागे पळीभर तेल. हा भाग जुन्या मराठीत कोरलेला आहे, म्हणजे बाजारातल्या माणसाला कळावा अशा भाषेत.

मला यातली पळी फार महत्त्वाची वाटते. इमारत एकदा बांधता येते, दिव्याला तेल मात्र रोज लागतं. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या दात्याला हे उमगलं होतं. मठातलं अध्यापन पुढे थांबलं, तरी ‘सिद्धान्तशिरोमणी’ टिकला, कारण ठिकठिकाणी लोक तो शिकत होते, त्याच्या नकला करत होते. ग्रंथ वापरातून टिकला.

मग मूळ प्रत कशाला जपायची? तर नकलेत शब्द उतरतो, सगळा पुरावा उतरत नाही. कागद कोणता, शाई कोणती, समासात कुणी काय दुरुस्त केलं, हे मूळ पोथीच सांगते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं विचारात घेतली गेली. कुणी म्हणालं असतं, ‘एक चांगली प्रत ठेवा, बाकीच्या कशाला?’ तर ते काम उभंच राहिलं नसतं.

आता प्रत्यक्ष काम काय असतं? पहिलं, नोंद. वस्तू कुठून आली, कशी आहे, कुठल्या कपाटात आहे, हे लिहिलेलं नसेल तर ती हरवली तरी कळत नाही. दुसरं, हवा. दमटपणाने बुरशी येते, उन्हाने शाई फिकी पडते, वाळवी आणि कसर वाट पाहतच असतात. म्हणून पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधायची, ठरलेल्या दिवसांनी उघडून पाहायची. तिसरं, दुरुस्ती. ती जितकी कमी तितकी बरी, आणि पुढे कुणाला काढता येईल अशी. चिकटपट्टी लावणारा माणूस प्रेमानेच लावतो, पण तिचा डिंक कागदात मुरतो आणि नुकसान करतो. जुने लेखक पोथीच्या शेवटी विनवायचे की हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून सांभाळा. आजच्या नियमावलीत याहून फार वेगळं काही नसतं!

आपल्या खानदेशात याची परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात ते गेले आणि १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. एका माणसाची तळमळ संस्थेच्या हाती गेली, म्हणून ती त्याच्या मागे उरली.

चाळीसगावात आपल्याकडे केकी मूस (१९१२–१९८९) यांचं कलादालन आहे. छायाचित्रं, शिल्पं, लाकूडकाम, पुस्तकं. यातल्या प्रत्येकाचा शत्रू वेगळा. छायाचित्राला उष्णता आणि ओल सोसत नाही, लाकडाला वाळवी. शिवाय भास्कराचार्यांच्या ग्रंथासारखी त्याची नक्कल हजार घरांत नाही. स्कॅन जरूर करावं, त्याने मूळ वस्तूची हाताळणी कमी होते. पण मूस यांनी स्वतः कागदावर उतरवलेल्या छटा म्हणजे स्कॅन नव्हे.

५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. वाळवीपासून वाचलेल्या गोष्टींची माणसांनी नासधूस केली. कुलूप पुरेसं नसतं, हे त्या दिवशी दिसलं. संग्रह आपला आहे असं लोकांना वाटलं, तरच तो सुरक्षित राहतो. आणि असं वाटायला तो आधी त्यांना पाहायला मिळाला पाहिजे, समजावून सांगितला गेला पाहिजे.

देणगी देताना आपल्याला नावाची पाटी असलेलं दालन आवडतं. झाडलोट, सूची, कापड, कारकुनाचा पगार यासाठी कुणी देत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच. कुठल्याही संग्रहालयात गेलात, की ‘इथे काय काय आहे?’ याबरोबर ‘हे रोज कोण बघतं, आणि त्याची तरतूद काय?’ हेही विचारा. दालन बांधणारे पुष्कळ भेटतील, आपण पळीभर तेल देणारे होऊ या.