ठासणीची बंदूक घरी घडते तेव्हा: काजळी, गंज आणि जवसाचं तेल

मागच्या आठवड्यात जो भाग ऐकलात, त्याचाच हा लिखित मजकूर. बोलताना जे खपून जातं ते वाचताना खपत नाही, म्हणून ‘बरं का’ आणि ‘म्हणजे काय’ बरेच छाटलेत. सगळे नाही.

कुडाळजवळ माझ्या आजोळी एक ठासणीची बंदूक होती. परवान्याची, शेतराखणीसाठी. निवडणुका आल्या की आजोबा ती पोलीस ठाण्यात जमा करून यायचे, आणि परत आणली की ओटीवर बसून तिला खोबरेलाचा हात द्यायचे. आम्हा पोरांना तिला हात लावायची परवानगी नव्हती, पण बघत बसायला कोणी अडवत नव्हतं. ते बघणं डोक्यात राहून गेलं असणार. कारण पुढे नोकरीनिमित्त मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आसपास येऊन राहिलो आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये एक अर्धवट रायफल शेगड्यात अडकवलेली पाहिली, तेव्हा मी दारातच थांबलो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी तिघांनी विचारलं. भारतात हे घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे, मग ती ठासणीची का असेना. अमेरिकेत १९६८ च्या संघराज्य कायद्याने काळ्या दारूवर चालणाऱ्या, काडतूस न घेणाऱ्या ठासणीच्या रायफलीला जुन्या वस्तूंच्या वर्गात टाकलंय, म्हणून तिथे हा छंद उघडपणे चालतो. तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते आधी बघायचे.

आता ‘ठासणीची’ म्हणजे काय. दारू नळीच्या तोंडातून ओतायची, तिच्यावर गोळी ठेवायची आणि गजाने ठासत बुडापर्यंत न्यायची. आजोबांची बंदूक आतून गुळगुळीत होती, तिच्यातून छर्रे जायचे. रायफलीच्या नळीला आतून मळसूत्री चर असतात. गोळी त्या चरांना धरून फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. गोळी शिशाची, गोल, नळीपेक्षा किंचित लहान. ती तेलकट किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासतात, म्हणजे कापड चरात घट्ट बसतं आणि गोळीलाही फिरवतं.

ही जात पेनसिल्व्हेनियात जन्मली. अठराव्या शतकात जर्मन भाषिक भागांतून आलेले बंदूककार आपल्याबरोबर आखूड, जाड नळीच्या शिकारी रायफली घेऊन आले. इथल्या जंगलात माणूस कित्येक दिवस घराबाहेर राहायचा आणि दारू-शिसं पाठीवर वाहायचा. तेव्हा नळी लांबत गेली, बरीचशी ४२ ते ४६ इंचांपर्यंत, आणि भोक बारीक होत गेलं. एका शेर शिशात जास्त गोळ्या, असा साधा हिशेब. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट हा त्यातला नावाजलेला कारागीर. लोक आज तिला केंटकी रायफल म्हणतात, पण बनायची ती मुख्यतः इकडेच. इथले लोक ही चूक अजूनही मनावर घेतात.

‘घरी बनवली’ म्हटल्यावर लोकांना वाटतं, लोखंड तापवून नळी ठोकली. तसं करणारे आहेत. कलोनियल विल्यम्सबर्गमध्ये वॉलेस गसलर नावाच्या कारागिराने लोखंडाच्या पट्टीपासून नळी जोडून अख्खी रायफल हाताने घडवली, त्यावर १९६९ चा माहितीपट आहे. जमेल तेव्हा जरूर बघा. पण घरचा छंदी माणूस नळी आणि चकमकीची कळ विकतच आणतो, आणि आणावीच. नळीचं बूड बनवणाऱ्याने बंद करून दिलेलं असतं. ते आपण खोलायचं नाही, त्यात काही ‘सुधारणा’ करायची नाही. दारूचा सगळा दाब तिथे येतो. इंग्रजीत ‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’ म्हणजे ‘अथपासून इतिपर्यंत’. ते शब्द बंदुकीच्याच तीन भागांचे: कळ, दस्ता, नळी. यातला आपल्या वाट्याला खऱ्या अर्थाने येतो तो दस्ता. लाकूड.

आणि इथून माझी गोष्ट सुरू होते.

शेजारी निवृत्त सुतार, वय ऐंशीच्या पुढे. त्याच्याकडे मेपलची एक फळी होती, वीस वर्षं वाळवलेली. साधं मेपल नव्हे, नागमोडी धाग्याचं. या लाकडात तंतू सरळ न जाता लाटांसारखे वरखाली जातात, त्यामुळे पृष्ठभागावर वाघाच्या अंगासारखे पट्टे दिसतात. जुन्या रायफलींचं सगळं रूप त्या पट्ट्यांत आहे. नळीची खाच त्याने मशीनवर बरीचशी काढून ठेवली होती. पुढे हात थरथरायला लागले, आणि ते काम तिथेच थांबलं. “तू कर, मी खुर्चीवर बसून सांगतो,” म्हणाला. पहिलीच रायफल करणाऱ्याने खरं तर आयता कोरलेला दस्ता घ्यावा. मला ती संधी मिळाली नाही, किंवा मी नाही म्हणू शकलो नाही.

नळी लाकडात बसवण्याची रीत ऐकायला सोपी आहे. दिव्याच्या ज्योतीवर धरून नळीच्या बुडावर काजळी धरायची. (आता डबीतलं काळं मलम मिळतं. म्हाताऱ्याला ते आवडत नाही.) नळी खाचेत दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे काळा डाग उमटला, तिथेच धातू टेकतो आहे. पटाशीने तेवढाच डाग खरवडायचा, कागदाइतका पातळ. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. असं पन्नास वेळा, शंभर वेळा. बाकी कुठेही हत्यार लावायचं नाही. शेवटी डाग एका ठिकाणी न राहता खाचभर बारीक पसरले की नळी बसली.

घाई करणारा इथे फसतो, कारण लाकूड थोडं दबतं आणि नळी बसल्यासारखी वाटते. बुडाची मागची बाजू लाकडाला पूर्ण टेकलेली नसेल, तर प्रत्येक बारानंतर मागे येणारा धक्का एकाच कोपऱ्यावर बसतो आणि दस्ता मनगटाजवळ, म्हणजे मूठ धरतो तिथे, फुटतो. सजावट सुंदर, तांब्या-पितळेचं काम सुंदर, आणि आत हा घोळ, अशा रायफली मी नंतर बऱ्याच पाहिल्या.

मी काय केलं? तिसऱ्या शनिवारी नळी अगदी शेवटच्या दोन सुतांवर अडली होती. म्हातारा जेवायला गेला होता. मी मोगरी घेतली आणि वरून एक टोला दिला. फार जोरात नाही. आवाज मात्र ओळखीचा होता, सुपारी फुटल्यासारखा. पुढच्या भागात, जिथे खाचेच्या कडेला लाकूड जेमतेम अष्टमांश इंच जाड असतं, तिथे तीन इंचांची चीर गेली.

वीस वर्षं वाळवलेली फळी. मी नळी उचलली, दिवा पुन्हा लावला, उगाच काहीतरी करत असल्यासारखा उभा राहिलो. तो आला, चिरेवरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, “शेवटची काजळी कुठे लागली होती?” मी पाहिलंच नव्हतं. चीर मनगटात असती तर फळी जळणात गेली असती. पुढे होती म्हणून वाचली. पातळ सरस चिरेत ओढून घेतला, मेणकागद लावला, दोरीने आवळून दोन दिवस ठेवली. जोड पक्का झाला. “पण हा दिसेल,” तो म्हणाला. का, ते मला रंग लावताना कळलं.

त्याआधी पृष्ठभाग. रंध्याने, कानशीने आकार आला की पोलादाच्या पातळ पट्टीने लाकूड खरवडायचं. सँडपेपर जपून, पेपरने कोपरे मऊ होतात आणि जुन्या रायफलीचे कोपरे धारदार असतात. मग ओलं फडकं फिरवायचं. पाणी लागलं की लाकडावर बारीक लव उभी राहते. वाळल्यावर ती कापायची, पुन्हा ओलं करायचं. तीन-चार फेऱ्यांनंतर लव उठायची थांबते. हे टाळलं तर लव रंग लावताना उठते, आणि तेव्हा ती घासली की रंगही जातो.

आता रंग. हा रंग डबीतला नाही. नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून जे द्रावण होतं, त्याला बंदूककार ‘अॅक्वा फोर्टिस’ म्हणतात. ते तयार बाटलीत मिळतं आणि तयारच घ्यावं, घरी आम्लाचे खेळ नकोत. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून ते दस्त्यावर फासलं, तर पहिल्यांदा लाकूड हिरवट-राखाडी, अगदी आजारी दिसतं. जीव खाली जातो. मग गरम हवेची बंदूक घेऊन (हो, तिलाही बंदूकच म्हणतात) हळूहळू तापवायचं. डोळ्यांदेखत तो हिरवटपणा तांबूस तपकिरी होतो, आणि पट्टे वर येतात. तंतू जिथे पृष्ठभागाकडे तोंड करून असतात तिथे द्रावण जास्त शोषलं जातं, तो पट्टा गडद. जिथे आडवे पडलेत तो फिका. रंग लाकडावर बसलेला नसतो, लाकडातच झालेला असतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, नाहीतर लाकूड पुढेही काळवंडत राहतं आणि शेजारच्या लोखंडालाही खातं.

माझी चीर? सरसाने भरलेल्या लाकडात द्रावण शिरत नाही. सगळा दस्ता तांबूस झाला आणि तिथे केसाएवढी फिकी रेघ राहिली. ती आजही आहे.

यावर जवसाचं तेल. आपली चटणी ज्या जवसाची, तेच. मात्र दुकानातल्या ‘उकळलेल्या’ तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते स्वयंपाकघरात नेऊ नका. बोटाने थोडं चोळायचं, पंधरा मिनिटांनी सगळं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जाड थर दिला की तो चिकट राहतो, महिनाभर धूळ धरतो. आणि फडकी! जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना तापतं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. दारूपेक्षा मी याला जास्त भितो, कारण दारूला आपण घाबरतोच. फडकी मोकळ्यावर पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात बुडवा.

नळीचं काम उलटं. आयुष्यभर लोखंडाचा गंज काढायचा असतो, इथे आणायचा. तेलाचा अंशही राहणार नाही अशी नळी धुवायची, दोन्हीकडची भोकं बंद करायची, द्रावणाचा पातळ हात द्यायचा आणि ओल्या फडक्यांच्या पेटीत ठेवायची. काही तासांनी बारीक तांबडा गंज येतो. तो खरखरीत कापडाने घासायचा, पुन्हा हात द्यायचा. आठवडाभर. एकदा उघड्या बोटाने धरली तर त्या बोटाचा ठसा तिथे उमटून राहतो. मनासारखा मनुकी रंग आला की सोड्याच्या पाण्याने गंज थांबवायचा आणि गरम नळीला तेल द्यायचं.

पहिला बार माणसाने खांद्याला लावून काढायचा नसतो. रायफल बाकाला बांधली, चापाला दोरी लावली आणि झाडामागून ओढली. फक्त काळी दारू. आजची धूररहित दारू या नळीत घातली तर नळी फुटते. आणि गोळी दारूवर पक्की टेकली आहे ना, हे गजावरच्या खुणेवरून पाहायचं, मध्ये जागा राहिली तर नळी फुगते. चकमक पडली, वाटीतलं रंजक भुस्स झालं, आणि तसाच मागोमाग बार.

तीन बार असे काढून मग म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्याने नेम धरला नाही. फिकी रेघ कुठे आहे ते शोधलं, तिच्याखालून हात पुढे सरकवला, तोल पाहिला आणि परत दिली. “कोपरे ठीक ठेवलेस,” म्हणाला.

त्याच संध्याकाळी नळी धुवावी लागते. दारूची राख हवेतली ओल ओढते आणि एका रात्रीत आतला चर खाते. गरम पाणी ओतलं, गजाला चिंधी गुंडाळून ओढली, काळं पाणी बादलीत पडत राहिलं. त्याला उकडलेल्या अंड्याचा वास येतो, गंधकाचा. कुडाळच्या ओटीवर खोबरेलाच्या खाली हाच वास असायचा, हे मला तेव्हा कळलं.