वर्गणीचा अंक आणि फुकटची नक्कल

रावेर-यावलच्या केळी-बागाइतदारानें वर्गणी भरून घेतलेला अंक हल्लीं पीडीएफच्या रूपानें मोबाईलवर येतो आणि व्हॉट्सॲपवरून शिरपूर-शिंदखेड्यापर्यंत घरोघर फुकट जातो. हेतु परोपकाराचा असला तरी घाव मासिकाच्या मुळावर बसतो.

अंकांतील भाव वा खताचें प्रमाण शेजाऱ्यास सांगण्यास आडकाठी नाहीं. सबंध अंकाची नक्कल वांटणें मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याविरुद्ध होय. २०१२ च्या दुरुस्तीनें अंकावरील हक्काची खूण जाणूनबुजून पुसणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. २०२० सालीं 'दैनिक जागरण'च्या नकला वांटणाऱ्या वाहिन्या ४८ तासांत बंद करण्याचा अंतरिम हुकूम दिल्ली उच्च न्यायालयानें टेलिग्रामला दिला.

तथापि कोर्टाची पायरी चढण्यापेक्षां आधीं बांध घालणें बरें. प्रत्येक प्रतीवर सभासदाचें नांव व क्रमांक छापावा, म्हणजे पाणी कोठून फुटलें तें कळतें. पडद्याचा फोटो काढणारास मात्र कोणतेंच कुलूप अडवीत नाहीं. सबब सभासदाच्या प्रश्नांस व्यक्तिशः उत्तर देण्याची सोय ठेवावी. एकाच्या शेताचें उत्तर दुसऱ्यास सहसा लागू पडत नाहीं.

बीं खाऊन टाकल्यावर पेरणी कशाची करावयाची, याचा विचार प्रत्येक वाचकानें करावा.