सोलापूरच्या कारखान्यावर धाड पडली आणि आफ्रिकेतल्या ड्रग्ज टोळीचा प्लॅन फसला

सोलापूर म्हटलं की चादर आणि शेंगाची चटणी आठवते. पण एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरचं नाव देशभर गाजलं ते वेगळ्याच कारणामुळं.

झालं असं की, ठाण्यात पोलिसांनी थोड्याशा इफेड्रिनसह काही जणांना पकडलं. माल आला कुठून, याचा माग काढत पोलिस सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पोहोचले. तिथल्या एव्हॉन लाइफसायन्सेस या औषध कंपनीच्या कारखान्यावर धाड पडली आणि सुमारे १८ टन इफेड्रिन जप्त झालं. ठाणे पोलिसांनी त्याची आंतरराष्ट्रीय बाजारातली किंमत २,००० कोटी रुपयांच्या घरात सांगितली.

आता प्रश्न असा की, इफेड्रिन म्हणजे ड्रग्ज का?

तर नाही. ते औषधात वापरलं जातं आणि परवानगी असेल तर ते बनवणं पूर्ण कायदेशीर आहे. पण त्यापासूनच मेथॲम्फेटामाइन हा घातक नशेचा पदार्थही तयार होतो. म्हणून टोळ्यांना ते हवं असतं.

टोळी कोणती होती?

केनियातल्या मोम्बासाचे बक्ताश आणि इब्राहिम आकाशा हे दोघे भाऊ. त्यांच्या वडिलांचा २००० साली ॲमस्टरडॅममध्ये गोळ्या घालून खून झाला होता. पुढं मुलांनी धंदा वाढवला. अपहरण, बंदुका आणि अधिकाऱ्यांना लाच, ही त्यांची पद्धत. भारतीय वंशाचा विकी गोस्वामी त्यांचा साथीदार होता.

अमेरिकेच्या ड्रग्जविरोधी संस्थेनं, म्हणजे डीईएनं, सापळा लावला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये हे तिघे मोम्बासात पकडले गेले. पण जामीन मिळाला आणि प्रत्यार्पणाचा खटला दोन वर्षं रेंगाळला. खटला लांबावा म्हणून त्यांनी केनियातल्या न्यायाधीशांपासून पोलिसांपर्यंत लाच दिल्याचं पुढं अमेरिकेच्या तपासात समोर आलं.

याच काळात मोझांबिकमध्ये मेथॲम्फेटामाइनचा कारखाना टाकायचं ठरलं. कच्चा माल भारतातून जाणार होता. सोलापूरची धाड पडली आणि तो बेत बारगळला, असं अमेरिकेच्या सरकारी वकिलांनीही नोंदवलं आहे.

जानेवारी २०१७ मध्ये केनियानं त्यांना अमेरिकेच्या ताब्यात दिलं. न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन्ही भावांनी गुन्हा कबूल केला. २०१९ मध्ये बक्ताशला २५ वर्षांची, तर २०२० मध्ये इब्राहिमला २३ वर्षांची शिक्षा झाली.

ठाण्याच्या गुन्ह्यात अभिनेत्री ममता कुलकर्णीचंही नाव आलं होतं. पण केनियातल्या एका बैठकीला हजर असणं एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही, असं म्हणत २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं तिच्यावरचा गुन्हा रद्द केला.

मग सरकार हे रोखतं कसं?

१९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार इफेड्रिनसारख्या रसायनांवर लक्ष ठेवणं देशांना बंधनकारक आहे. माल निर्यात करण्याआधी घेणाऱ्या देशाला कळवण्यासाठी २००६ पासून ऑनलाइन व्यवस्थाही आहे. भारतात एनडीपीएस कायदा आणि २०१३ चा नियंत्रित पदार्थ आदेश लागू आहे. इफेड्रिन बनवणाऱ्या कंपनीला नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडं नोंदणी करावी लागते, रोजचा हिशोब ठेवावा लागतो, दर तीन महिन्यांनी विवरण द्यावं लागतं. नियम मोडला तर १० वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

म्हणजे कागदावर सगळं चोख आहे. पण निर्यातीची सूचना फक्त उघडपणे जाणाऱ्या मालाची मिळते. चोरवाटेनं जाणारा माल पकडायचा तर रजिस्टरमधला आकडा आणि गोदामातली पिंपं जुळतात का, हे कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघावं लागतं. सोलापुरात ठाण्याच्या पोलिसांना पोहोचावं लागलं, तेही रस्त्यावर माल सापडल्यावर.

मोम्बासातल्या टोळीला पकडायला दोन देशांच्या यंत्रणा आणि दोन वर्षं लागली. तिचा मोझांबिकचा कारखाना मात्र कच्चा माल अडवल्यामुळं उभाच राहिला नाही. टोळीची बंदूक मोम्बासात असली, तरी तिची नाडी चिंचोळीच्या गोदामात होती.